प्रभुभोजनाचा प्याला आणि ख्रिस्ती मद्यसंयम

ख्रिस्ती धर्मात दारूबद्दल सगळ्यांना लागू असा एकच नियम नाहीये. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन ही मंडळी पिण्याला पाप मानत नाहीत, झिंगण्याला मानतात. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, सॅल्व्हेशन आर्मी, सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट यांच्यात थेंबही नको असा कल, कुठे कडक कुठे आता बराच सैल. पहिली भूमिका जुनी. दुसरी संघटित स्वरूपात साधारण १९व्या शतकातली, आणि दोघींचं खरं वाजलं ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीच्या, प्याल्यावरून.

बायबलमध्ये दोन्ही बाजूंना पुरेल इतका मजकूर आहे. स्तोत्र १०४ मध्ये द्राक्षारस (मराठी बायबलमधला वाइनसाठीचा शब्द) माणसाचं मन आनंदी करतो, नीतिसूत्रे २०:१ मध्ये तोच टवाळखोर ठरतो, नोहा पिऊन उघडा पडतो, नाजीर व्रत, म्हणजे देवाला वाहून घ्यायचं व्रत, घेतलेला माणूस द्राक्षांनाही शिवत नाही, येशू काना गावच्या लग्नात सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस करतो आणि प्रेषित पौल आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा घेत जा म्हणतो पण इफिसकरांना पिऊन मस्त होऊ नका असं बजावतो.

सुरुवातीच्या शतकांत मोठे धर्मगुरू अतिरेकी वर्ज्यवाद्यांच्याच विरोधात होते. काही कडक पंथ प्याल्यात नुसतं पाणी वापरायचे, त्यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन याने इ.स. २५३ च्या सुमारास लांबलचक पत्र लिहून ते चुकीचं ठरवलं. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू जॉन क्रिसोस्तम याचं म्हणणं थोडक्यात असं की द्राक्षारस देवाचा, झिंगणं सैतानाचं.

संत बेनेडिक्टच्या मठनियमात (बहुधा ५३०-५४० च्या आसपास) तर रोजचं माप दिलंय. साधूंनी पिऊच नये असं आम्ही वाचतो, पण आजकालच्या साधूंना ते पटत नाही, तर निदान पोटभर तरी पिऊ नये, असं कबूल करून तो माणशी एक हेमिना ठरवतो, आणि काम जास्त किंवा उन्हाळा असेल तर वाढवायची मुभा मठप्रमुखाला. हेमिना म्हणजे नक्की किती यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केलीये. रोमन मापाने पाव लिटरच्या जरासं वर येतं, काही जण अर्धा लिटर आणि त्याहूनही पुढे नेतात. आठव्या शतकाच्या अखेरीस माँते कासिनोच्या, म्हणजे बेनेडिक्टच्याच, मठातून शार्लमेन राजाकडे ते माप धाडलं होतं असं एका पत्रावरून दिसतं, म्हणजे तेव्हाच घोळ होता. रोमन माप जास्त पटण्यासारखं आहे.

१९व्या शतकातली चळवळ आधी फक्त कडक दारूविरुद्ध होती. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या १७४३ च्या नियमांतही निषेध आहे तो गाळलेल्या दारूचा, तो स्वतः वाइन घ्यायचा. बोस्टनला १८२६ मध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी निघाली तीही याच धोरणाने. मग १८३० च्या दशकात इंग्लंडात प्रेस्टनच्या जोसेफ लिव्हसी वगैरेंनी बिअरसकट सगळं सोडायच्या शपथा सुरू केल्या, आयर्लंडमध्ये १८३८ पासून फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी तेच प्रचंड प्रमाणावर केलं, म्हणजे हे फक्त प्रोटेस्टंटांचं खूळ नव्हतं. पण एकदा सगळंच वर्ज्य म्हटल्यावर प्रश्न आलाच, मग येशूने शिष्यांना काय पाजलं?

इथे दोन द्राक्षारसांचा सिद्धांत आला: बायबल जिथे स्तुती करतं तो ताजा रस आणि जिथे निंदा करतं ती आंबलेली दारू. अमेरिकेत मोझेस स्टुअर्ट, इंग्लंडात फ्रेडरिक लीस यांनी तो मांडला. एक मुद्दा असा की येशूचं ते शेवटचं जेवण वल्हांडण या यहुदी सणाचं, आणि वल्हांडणात खमीर चालत नाही तर आंबलेला रस कसा चालेल. पण यहुदी परंपरेत ती बंदी धान्याच्या खमिराची, आणि मिश्ना हा यहुदी नियमग्रंथ त्याच रात्री चार प्याले वाइन सांगते. शिवाय पॅलेस्टाइनमध्ये द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास काढतात आणि वल्हांडण मार्च-एप्रिलात, त्या उन्हात रस इतके महिने गोड राहणं अवघड. यावर उलट बाजू रोमन लेखक केटोची युक्ती दाखवते: मडकं डांबराने बंद करून ३० दिवस तळ्यात बुडवायचं, रस वर्षभर टिकतो. म्हणजे अशक्य नव्हतं. पण करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला लोक झिंगत होते असं पौलच लिहितो (१ करिंथ ११:२१), आणि नुसत्या रसाने कोणी झिंगत नाही. आज बहुतेक अभ्यासक आंबलेलाच धरतात, मात्र तो पाणी घालून पातळ केलेला.

व्यवहारातला प्रश्न मात्र एका दंतवैद्याने सोडवला. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडचा थॉमस ब्रॅमवेल वेल्च हा कट्टर मेथडिस्ट. १८६९ मध्ये त्याने कॉन्कर्ड द्राक्षांचा रस गाळून बाटल्यांत भरला, बुचं लावून बंद केल्या आणि उकळत्या पाण्यात ठेवल्या, म्हणजे यीस्ट मरून रस आंबायचाच थांबला. तत्त्व पाश्चरचं, नुकतंच आलेलं. नाव ठेवलं डॉक्टर वेल्चची न आंबलेली वाइन. सुरुवातीला चर्चेसनी फारसं मनावर घेतलं नाही, धंदा वाढवला तो मुलगा चार्ल्सने. आज अमेरिकेतल्या बहुतेक मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट चर्चेसमध्ये प्याल्यात असा न आंबलेला रसच असतो.

कॅथलिक कायद्यात हे चालत नाही. १९८३ च्या संहितेनुसार (कलम ९२४) वाइन द्राक्षाचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी. दारूचं व्यसन असलेल्या फादरना वरिष्ठांच्या परवानगीने मुस्तुम, म्हणजे गोठवून वगैरे आंबणं रोखलेला रस, चालतो. सॅल्व्हेशन आर्मी प्रभुभोजनाचा विधीच करत नाही, त्यामुळे तिथे वादच नाही.

मराठीशी धागा पंडिता रमाबाईंचा. १८८६-८८ मध्ये त्या अमेरिकेत होत्या, तिथल्या ख्रिस्ती बायकांच्या दारूबंदी संघटनेशी (स्थापना १८७४) त्यांचा संबंध आला आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) मध्ये त्या कामाबद्दल त्यांनी आपुलकीने लिहिलंय. गोव्याची फेणी आणि मुंबईकडच्या ईस्ट इंडियन या कॅथलिक समाजाच्या लग्नातलं खिमाड हे मसालेदार मद्य सगळ्यांना माहीत आहेच, तिथल्या चर्चचा आक्षेप अतिरेकाला, पेयाला नाही. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ मध्येही धर्मविधीच्या दारूसाठी वेगळी सवलत ठेवलेली आहे.