‘समांतर’ म्हणजे नेमकं काय?

छत्रपती संभाजीनगरात ‘समांतर’ हे विशेषण नाही, नाम आहे. ‘समांतरवाले आले होते’, ‘समांतर रद्द झाली’, ‘समांतर असती तर आज पाणी आलं असतं’ अशी वाक्यं पानटपरीपासून सर्वसाधारण सभेपर्यंत ऐकू येतात. कशाला समांतर, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. शहराच्या पाण्यावरचे निम्मे वाद या एका शब्दात अडकलेले आहेत. म्हणून शहराच्या पाणीपुरवठ्यातल्या खासगी सहभागाची पार्श्वभूमी सांगताना आधी हा शब्द सोडवावा लागतो.

नहर-ए-अंबरी, पाणचक्की, हर्सूल तलाव हा इतिहास इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे; तो बाजूला ठेवू. आजच्या प्रश्नाचं मूळ जायकवाडीत आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण पैठणला, शहर तिथून पंचेचाळीसेक किलोमीटरवर आणि शिवाय चढावर. म्हणजे प्रत्येक थेंब पंपाने वर चढवायचा आणि विजेचं बिल भरत राहायचं. दोन योजना झाल्या, एक ५६ एमएलडीची (म्हणजे रोज ५६ दशलक्ष लिटरची) आणि नंतरची १०० एमएलडीची. १९७१ मध्ये दीड लाखाचं असलेलं शहर २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर गेलं. नळ वाढले, वसाहती वाढल्या, जलवाहिन्या मात्र त्याच दोन. त्यातली एखादी फुटली की निम्मं शहर कोरडं.

या दोन जुन्या वाहिन्यांच्या शेजारून तिसरी, मोठी वाहिनी टाकायची, ही झाली मूळची ‘समांतर जलवाहिनी’. त्यात खासगी असं काही नव्हतं. एक पाइप, एवढाच तिचा अर्थ.

पैशाचा प्रश्न २००५ च्या डिसेंबरनंतर सुटेल असं वाटलं. केंद्राचं नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं, पण निवडक शहरांच्या यादीत नागपूर होतं, नाशिक होतं, शिखांच्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडही होतं; मराठवाड्याची राजधानी म्हणवणारं शहर नव्हतं. (हा सल इथे अजून आहे.) त्याला मिळाली लहान आणि मध्यम शहरांसाठीची धाकटी योजना. अटी तशा उदार होत्या: ८० टक्के केंद्र, १० टक्के राज्य, १० टक्के महापालिका. सुमारे ३५९ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला.

आता वादाचा निर्णय. नव्वद टक्के अनुदान मिळत असताना महापालिकेने वाहिनी टाकून पाणी आणायचं आणि वाटपाचं नंतर बघायचं, हा एक रस्ता होता. त्याऐवजी वाहिनी, शहरातल्या अंतर्गत वाहिन्या, टाक्या, मीटर, बिलवसुली आणि देखभाल हे सगळं एकाच मोटेत बांधून वीस वर्षांसाठी खासगी कंपनीला द्यायचं ठरलं. ३५९ कोटींचा प्रकल्प ७९२ कोटींचा झाला. करारावर सह्या सप्टेंबर २०११ मध्ये झाल्या. आणि नाव? नाव ‘समांतर’च राहिलं.

इथे शब्दाने दगा दिला. पाइप हवा का, असं विचारलं तर शहरात कोणीही हो म्हणेल. वीस वर्षं बिलवसुली खासगी हातात द्यायची का, याचं उत्तर वेगळं आलं असतं. पण दोन्ही प्रश्नांना नाव एकच होतं. योजनेला विरोध करणारा ‘पाण्याचा विरोधक’ ठरायचा आणि समर्थन करणारा ‘कंपनीचा माणूस’. पुढे तर कंपनीलाच लोक समांतर म्हणू लागले. मला विचाराल तर घोळ खासगी भागीदारीत जितका होता, त्याहून जास्त या मोट बांधण्यात होता.

याच सुमारास नागपूरनेही पंचवीस वर्षांचा करार केला, तोही २०११ चाच. प्रत्यक्ष कारभार मार्च २०१२ पासून. त्याआधी धरमपेठ झोनमध्ये चोवीस तास पाण्याचा प्रयोग करून पाहिला होता. तिथेही वाद झाले, मुदती चुकल्या. पण दोन्हींना ‘पीपीपी’, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी, म्हणून एकाच टोपलीत टाकणं चूक आहे. नागपुरात चालक कंपनीला बिलात येणाऱ्या पाण्याच्या युनिटमागे, म्हणजे हजार लिटरमागे, ठरलेला दर मिळतो. सुरुवातीला तो ७ रुपये ९० पैसे होता. पाणी मोजलं गेलं, बिल झालं, तर पैसे. औरंगाबादच्या करारात पाणीपट्टी कंपनीने गोळा करायची आणि वर महापालिकेने तिला वर्षाला ६३ कोटी रुपये द्यायचे, तेही दरवर्षी वाढत जाणारे. शिवाय पाणीपट्टीतली दरसाल दहा टक्के वाढ आधीच ठरलेली. पाणी वाढण्याआधी रक्कम वाढणार होती.

सह्या आणि ताबा यांच्यात तीन वर्षं गेली. १ सप्टेंबर २०१४ ला कंपनीने शहराचा पाणीपुरवठा हाती घेतला. लोकांची अपेक्षा पैठण रस्त्यावर खोदकाम दिसेल अशी होती. दिसलं ते गल्लीत: मीटर, बिलं, नळजोडण्यांची तपासणी. करारात अंतर्गत कामंही होती, त्यामुळे कागदावर ते गैर नव्हतं. पण ज्या शहराला मुळात कमी पाणी येतं, तिथे पाणी येण्याआधी मीटर बसवणं म्हणजे काय, हे घरच्या हौदाकडे पाहिलं तरी कळतं. लाइनमन लांब चावी घेऊन येतो, रस्त्यातल्या चेंबरमध्ये व्हॉल्व्ह फिरवतो, नळातून आधी फुसफुस हवा येते, मग पाणी. घराघरांत मोटारी सुरू होतात आणि शेवटच्या घराचा दाब संपतो. मीटर त्या हवेनेही फिरतं, ही तक्रार तेव्हा घरोघरी होती.

२०१६ पर्यंत शहरातलं सगळं राजकारण मीटर, पाणीपट्टी आणि न आलेली मुख्य वाहिनी या तीन मुद्द्यांभोवती फिरू लागलं. सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा ठराव केला आणि ऑक्टोबरमध्ये पाणीपुरवठा पुन्हा महापालिकेकडे आला. कंपनी लवादात गेली. ठराव करणाऱ्यांत करार करतेवेळी बाकं वाजवणारेही होते. त्यांची यादी करण्यात अर्थ नाही, ती फार लांबेल.

प्रकरण तिथे संपलं नाही. २०१८ मध्ये तडजोडीची भाषा सुरू झाली आणि ज्या सभागृहाने करार मोडला त्याच सभागृहाने तो काही अटींवर पुन्हा जिवंत करायला मान्यता दिली. २८९ कोटींचा वाढीव खर्च कोणी उचलायचा यावर महिने गेले. तेही बारगळलं. २०१९ मध्ये राज्याने १,६८० कोटींची संपूर्ण नवी योजना मंजूर केली, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं, आणि खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. ३५९ कोटींचा पाइप आठवणारे हे आकडे ऐकून गप्प बसतात.

दरम्यान पाण्याचा ‘गॅप’ वाढत गेला. एक दिवसाआड, तीन दिवसांआड, मग काही भागांत आठव्या दिवशी. दर मात्र उतरला नाही. अर्ध्या इंची नळाची वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपये होती. आठ दिवसांनी पाणी म्हणजे वर्षाला पंचेचाळीस वेळा. एका पाळीला नव्वद रुपये पडले. टँकर घेणाऱ्यांचा हिशोब वेगळाच. २०२२ च्या मे महिन्यात मोर्चे निघाले, तेव्हा हीच पाणीपट्टी निम्मी, २,०२५ रुपये, करण्यात आली. पाणी तेवढंच राहिलं, दर राजकारणाने ठरला. खासगी कंपनीने दर ठरवू नये म्हणून करार मोडला होता, हे इथे आठवायला हरकत नाही.

नव्या योजनेत ठेकेदार बांधकाम करतो. शहरातली वसुली त्याच्याकडे नाही. बांधून झाल्यावर ती चालवायची कोणी, वीजबिल कशातून भरायचं आणि मीटर बसवायचे का, हे तीन प्रश्न २०११ मध्ये जिथे होते तिथेच आहेत, फक्त ते आता वेगळ्या फायलीत आहेत. अडीच मीटर व्यासाचे पाइप पैठण रस्त्याला टाकले गेले. ही वाहिनीही जुन्या वाहिन्यांच्या शेजारूनच येते. तिला समांतर मात्र कोणी म्हणत नाही. तिचं नाव ‘नवी योजना’.