गोळा येणे वेगळे, पाय शिवशिवणे वेगळे

रात्री पाय त्रास देतात असे कोणी म्हणताच ऐकणारा लगेच सांगतो, "पोटरीत गोळे येत असतील, मॅग्नेशियम घ्या, केळी खा." हा सल्ला चुकीच्या माणसांना दिला जाताना मी इतक्यांदा ऐकला आहे की, हे दोन त्रास एकदा नीट शेजारी मांडणे मला आवश्यक वाटते. माझ्या आईच्या दुखण्याला घरात कित्येक वर्षे 'गोळे' हेच नाव होते. तिच्या पोटरीत गोळा मात्र एकदाही आलेला नव्हता.

गोळा, म्हणजेच पेटका, सर्वांच्या ओळखीचा आहे. झोपेत पोटरीचा किंवा तळपायाचा स्नायू एकाएकी आवळतो, हाताला दगडासारखा लागतो, जीवघेणी कळ येते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरते. नंतर ती जागा बराच वेळ ठणकत राहते. गुडघा सरळ ठेवून चवडा नडगीकडे ओढला की स्नायू सुटतो.

दुसऱ्या त्रासाला वैद्यकात 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याला आजचे नाव दिले, तेव्हा हा मोबाइलच्या जमान्याचा आजार आहे असे कोणी समजू नये. ज्यांना तो होतो ते सांगतात की पाय शिवशिवतात, आतून कोणीतरी ओढते, हाडांत काहीतरी वळवळते, पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही. काहींचे पाय दुखतातही, पण मुख्य तक्रार दुखण्याची नसते; पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, ही असते.

खरा घोळ यापुढे होतो. "उठून चालले की बरे वाटते का?" असा प्रश्न विचारला जातो, आणि दोन्हींकडून उत्तर "हो" असेच येते, कारण उभे राहून पायावर भार दिला की गोळाही सुटतो. आजीच्या पोटऱ्यांवर नातवाला उभे करून पाय तुडवून घेण्याचा घरगुती उपायही दोन्ही त्रासांत थोडा आराम देतो, म्हणून त्यावरूनही काही ठरत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पुन्हा आडवे पडल्यावर काय होते? गोळा सुटला की ठणका राहिला तरी माणूस पुन्हा झोपू शकतो. शिवशिवणाऱ्या पायांना आराम मिळतो तो जवळजवळ चालणे सुरू असेपर्यंतच. अंथरुणावर पाठ टेकून थोडा वेळ होतो न होतो तोच तीच ओढ परत येते, माणूस पुन्हा उठतो, खोलीत फेऱ्या घालतो आणि हे मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. शिवाय ओढ अनावर असताना पोटरी दाबून पाहिली तर ती मऊच लागते. गोळ्यात स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आवळतो. इथे पाय आपण स्वतःच हलवतो, पण न हलवणे असह्य होते म्हणून.

वेळही पाहावी. गोळा बहुधा लागलेली झोप मोडतो, तर ही ओढ झोप लागूच देत नाही. ती संध्याकाळनंतर वाढते आणि पहाटेकडे शमते. तिला अंथरूणच लागते असेही नाही. रातराणीच्या अरुंद आसनावर किंवा नाट्यगृहात, जिथे स्वस्थ बसावे लागते तिथे ती उसळते. अशा माणसाला "पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते" म्हणून दटावणे मला निर्दयपणाचे वाटते.

मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पण चालल्याने ती सहसा शमत नाही. तो तिसराच विषय आहे. एकच पाय सुजून दुखू लागला तर मात्र तो यांपैकीच एखादा त्रास आहे असे न समजता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

निदान बदलले की उपाय बदलतो, म्हणून मी या फरकाबद्दल इतका आग्रही आहे. मॅग्नेशियमने वयस्कर माणसांच्या गोळ्यांनाही फारसा उपयोग होण्याची शक्यता नाही, असे उपचारांवरील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात म्हटले आहे. अस्वस्थ पायांचा संबंध पुष्कळदा शरीरातील लोहाशी असतो, म्हणून गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही हा त्रास अधिक दिसतो. इथे केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही, कारण ते ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. हा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची रक्ततपासणी करून घ्यावी आणि अहवालावर 'नॉर्मल' छापलेले पाहून थांबू नये. या आजारात मोठ्या माणसांमध्ये फेरिटिन ७५ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) किंवा त्याहून कमी असले तरी लोह देण्याचा विचार केला जातो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले, तरी रात्री पाय आपटणाऱ्या बाईला आपण केळे देतो. लोहाच्या गोळ्या तपासणीनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि त्या घेताना चहा दूर ठेवावा.

घरातील औषधेही तपासावीत. झोप आणणाऱ्या जुन्या धाटणीच्या सर्दीच्या गोळ्या, उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरील काही औषधे हा त्रास वाढवू शकतात. त्यांपैकी नियमित चालू असलेले औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी आणि मद्य टाळणे, झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणणे, पाय कोमट पाण्यात ठेवणे आणि प्रवासात मधल्या वाटेलगतची जागा घेणे यांनी सौम्य त्रास आटोक्यात राहतो.

एवढ्याने भागले नाही तर गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन दिले जाते. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधे आरंभी झटपट गुण देतात, परंतु दीर्घकाळ घेतल्यास तीच त्रास वाढवू शकतात: रात्री सुरू होणारी ओढ संध्याकाळी, मग दुपारी सुरू होते, कधी हातांपर्यंत पोहोचते. असे होऊ लागले तर मात्रा आपल्या मनाने वाढवू नये आणि औषध एकदम सोडूही नये. ओढ पूर्वी किती वाजता सुरू होत असे आणि आता किती वाजता होते, हे लिहून डॉक्टरांसमोर ठेवावे.