फिरतीवर सुचतं, पण पुरं कुठे होतं?

प्रवासात, रांगेत, दोन कामांच्या मधल्या वेळात कुणी लिहितं, चित्र काढतं, चाल बांधतं, व्हिडिओ जोडतं, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. अशा फिरत्या माणसांसाठी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी साधनं निघाली, त्यांच्या जाहिरातींचा सगळा भर वजन, कॅमेरा आणि प्रोसेसरवर असतो. या नोंदीचा भर दुसरीकडे आहे. अर्धवट राहिलेलं काम एका अवजारातून दुसऱ्यात कसं जातं, आणि ते तसं सहज जाऊ नये हे कधी आणि का ठरलं, हा इथला प्रश्न आहे.

जुना भाग थोडक्यात. 1841 साली रंगासाठी दाबायच्या कथिलाच्या नळीचं पेटंट निघालं. त्याआधी कालवलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवी टोचून रंग काढायचा, आणि एकदा टोचली की ती पुन्हा नीट बंद होत नसे. नळीला झाकण आलं आणि तैलचित्र उघड्यावर, शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत, पूर्ण करणं सोपं झालं. 1912 मध्ये घडी होणारा कोरोना टाइपरायटर आला, 1925 मध्ये 35 मिलिमीटर फिल्मचा लायका कॅमेरा. टाइपरायटरवर मजकूर जागेवरच पुरा व्हायचा. कॅमेरा खिशात मावला तरी फोटो मात्र डार्करूममध्येच पुरा व्हायचा. हा फरक पुढेही सुटलेला नाही.

संगणकाच्या काळात याचं पहिलं नीट उत्तर मिळालं ते 1983 च्या टीआरएस-80 मॉडेल 100 या सोबत नेता येणाऱ्या छोट्या संगणकात. आठ ओळींचा छोटा पडदा, चार पेन्सिल सेल, आत मोडेम. चालू केलं की लगेच यादी समोर, आणि कालचा मजकूर जिथे सोडला होता तिथेच. फिरतीवरच्या बातमीदारांनी ते उचलून धरलं, कारण बातमी टाइप करायची आणि टेलिफोन लाइनवरून पाठवून द्यायची, एवढं सगळं एकाच यंत्रात व्हायचं. ताकदीच्या मानानं ते अगदीच साधं होतं. पण काम मध्येच अडत नव्हतं.

नव्वदच्या दशकातले न्यूटन (1993) आणि पामचा पायलट (1996) हे हातात धरायचे छोटे संगणक टिपणवह्यांच्या पलीकडे फारसे गेले नाहीत. त्यापेक्षा जपानमधल्या मोबाइल कादंबऱ्या जास्त महत्त्वाच्या. साध्या फोनच्या आकड्यांच्या बटणांवर, बहुतेकदा तरुण मुलींनी, प्रकरण-प्रकरण लिहिलेल्या या गोष्टी वाचणारेही फोनवरच वाचायचे. 2007 मध्ये तिथल्या सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मुळात फोनवरच्या होत्या. साधन इतकं तुटपुंजं असूनही हे घडलं, कारण लिहिणं, छापणं आणि वाचणं यांच्यामध्ये कुठे भिंत नव्हती.

आता त्या वादग्रस्त निर्णयाकडे. ॲपलचा आयफोन 2007 मध्ये आला आणि बाहेरच्यांनी बनवलेली ॲप जुलै 2008 पासून मिळू लागली. तेव्हा ॲपलनं असं ठरवलं की प्रत्येक ॲपला स्वतःचा बंद कप्पा मिळेल. त्या कप्प्याबाहेरचं त्याला दिसणार नाही, आणि वापरणाऱ्यालाही फाइली-फोल्डर म्हणून काही दिसणार नाही. ॲप काढून टाकलं की त्यात साठवलेलं कामही गेलं.

निर्णय घेणाऱ्यांकडे कारणं होती आणि ती खोटी नव्हती. संगणकावर कुठलंही सॉफ्टवेअर कुठल्याही फाइलीला हात लावू शकायचं आणि व्हायरस त्यावरच पोसले गेले होते. ‘सेव्ह केलेली फाइल गेली कुठे’ हा प्रश्न बहुसंख्य लोकांना रोज पडायचा. बंद कप्प्यामुळे माणसं बिनधास्त नवी ॲप घालून बघू लागली. ज्यांनी आयुष्यात कधी रंगाची पेटी उघडली नव्हती, त्यांनी बोटानं चित्रं काढली, ती याच भरवशावर.

पण हा सगळा विचार एका ॲपमध्ये सुरू होऊन तिथेच संपणाऱ्या कामाचा होता. ज्याच्या एका कामाला तीन-चार अवजारं लागतात, तो माणूस या हिशेबात धरलाच गेला नाही, आणि निर्मिती करणारी बहुतेक माणसं याच जातीची असतात.

एक साधं काम घेऊन बघा. साल 2011. गाणं रचणाऱ्या एका बाईला चालता चालता चाल सुचली, तिनं ती फोनच्या व्हॉइस मेमोमध्ये गुणगुणून ठेवली. संध्याकाळी तीच चाल अनेक ट्रॅक जोडणाऱ्या दुसऱ्या ॲपमध्ये आणायची आहे. दोन्ही ॲप एकाच फोनवर, एकाच पडद्यावर शेजारी. तरी मधली वाट अशी: मेमो स्वतःलाच ईमेल करायचा, ईमेल उघडायचा, जोडलेल्या फाइलीवर बोट दाबून ‘यात उघडा’ म्हणायचं आणि यादीत आपलं ॲप दिसेल अशी आशा करायची. दिसलं, तर फाइलीची नवी प्रत त्या ॲपच्या कप्प्यात जायची. नाही दिसलं, तर केबल काढा, संगणक शोधा, फोनमधल्या फाइली हलवणारं आयट्यून्स हे सॉफ्टवेअर उघडा. एवढं करून एकाच नावाच्या तीन प्रती तीन ठिकाणी, आणि सुधारलेली कुठली हे फक्त तिच्या लक्षात. फिरतीवर असलेल्या माणसाकडे नेमका संगणकच नसतो, हे या रचनेत कुणी गृहीत धरलेलं दिसत नाही.

सुरुवातीची अवस्था तर याहून कठीण होती. जून 2009 पर्यंत आयफोनवर कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं. जून 2010 पर्यंत बाहेरची ॲप मागे चालू राहत नसत, म्हणजे आलेला फोन उचलला की समोरचं ॲप बंद. काम वाचवायचं असेल तर ॲपनं ते क्षणोक्षणी स्वतःहून साठवत राहणं भाग होतं. या जाचातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. ‘सेव्ह’चं बटण गेलं आणि काम आपोआप साठत राहण्याची सवय पुढे सगळीकडे पसरली. एप्रिल 2010 मध्ये, मुलांनी स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत बनवलेले खेळ आणि गोष्टी फोनवर दाखवणारं एक ॲप ॲपलच्या ॲप-दुकानातून काढलं गेलं, कारण बाहेरून आणलेला प्रोग्राम ॲपनं चालवायचा नाही असा नियम होता. काही महिन्यांनी नियम सैल झाले. पण मुलांनी केलेली कामं मुलांनाच पाहता येऊ नयेत, इतका तो ताणला गेला होता, हे विसरण्यासारखं नाही.

याच वर्षी आयपॅड आला आणि ‘हे बघायचं साधन, बनवायचं नव्हे’ अशी टीका सुरू झाली. ती मला कायम उथळ वाटत आली आहे. जून 2009 मध्येच एका अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आयफोनवर बोटानं रंगवलेलं चित्र झळकलं होतं. ते पुरं होऊ शकलं, कारण सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं रंगवणं एकाच ॲपमध्ये मावत होतं. याउलट 2015 मध्ये एका मोठ्या महोत्सवात गाजलेला, आयफोन 5एसवर चित्रित झालेला चित्रपट घ्या. चित्रण फोनवर झालं, एडिटिंग मात्र संगणकावर. पडदा लहान की मोठा, बोट की स्टायलस (पडद्यावर चालणारी लेखणी), यावर जितकी शाई खर्च झाली तितकी या फरकावर झाली असती तर बरं झालं असतं. स्टायलसचा वाद तर काळानं परस्पर मिटवला. 2010 मध्ये ज्याची खिल्ली उडवली गेली, ते 2011 मध्ये गॅलक्सी नोटनं दिलं आणि 2015 मध्ये आयपॅड प्रोसोबतही पेन्सिल म्हणून आलं.

भिंतीला भोकं पाडण्याचं काम आधी बाहेरच्यांनी केलं. फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा अनेकांसाठी दोन ॲपमधला पूल झाल्या. 2012 च्या अखेरीस ऑडिओबस नावाच्या ॲपनं एका संगीत ॲपचा आवाज दुसऱ्यात थेट सोडून दाखवला आणि पुढच्याच वर्षी आयफोनच्या मूळ प्रणालीनं तशी सोय स्वतः दिली. 2014 मध्ये ॲपना एकमेकांची कागदपत्रं मागता येऊ लागली, 2017 मध्ये फाइल्स नावाचं ॲप आलं, आणि सप्टेंबर 2019 मध्ये आयपॅडला पेनड्राइव्ह जोडून त्यातल्या फाइली वाचता येऊ लागल्या. अकरा वर्षं लागली.

अँड्रॉइडनं उलट टोकापासून सुरुवात केली. तिथे मेमरी कार्ड, फोल्डर, फाइली पहिल्यापासून उघड्या होत्या. संगीताची ॲप तरी तिथे मागे पडली, कारण बोट लावल्यापासून आवाज येईपर्यंत जाणवेल इतका उशीर व्हायचा. हा दोष पुढच्या आवृत्त्यांत कमी होत गेला. आणि जेव्हा आयपॅड मोकळा होत होता, त्याच सप्टेंबर 2019 मध्ये अँड्रॉइड 10 नं ॲपांचा फाइलींवरचा वावर आखडायला सुरुवात केली. कारण तेच जुनं: कुठलंही ॲप सगळंच वाचत होतं. दोन्ही बाजू मधल्या एका जागी येऊन भेटल्या. मोकळीक हवी, पण परवानगी माणसाच्या हातात, हीच ती जागा असं माझं मत आहे. 2008 मध्येही ती सापडू शकली असती.

इथे एका प्रयोगाचा उल्लेख करायला हवा, कारण साधनं बनवणाऱ्यांनी त्याचा अर्धाच भाग उचलला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, चालणाऱ्या माणसांना एखाद्या वस्तूचे वेगळे उपयोग सुचण्याचं प्रमाण बसलेल्यांपेक्षा सरासरी 60 टक्क्यांनी जास्त निघालं. अगदी खोलीत, ट्रेडमिलवर, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालतानाही. पण एकच नेमकं उत्तर शोधायच्या कोड्यांत चालण्याचा तसा फायदा झाला नाही, उलट थोडी पीछेहाटच दिसली. म्हणजे सुचणं चालताना आणि जुळवणं बसल्यावर, अशी विभागणी होत असेल, तर सुचलेलं जुळवण्याच्या जागी न सांडता पोचणं हीच खरी मदत. टिपून घेणारी ॲप ढिगानं निघाली. पोचवण्याकडे दुर्लक्ष झालं.

अलीकडच्या काळात अडचणीची जागा सरकली आहे. मे 2023 मध्ये व्हिडिओ एडिटिंगचं एक मोठं सॉफ्टवेअर आयपॅडवर आलं, तेव्हा तिथलं काम मॅक संगणकावर नेता येत होतं, पण मॅकवरचं काम आयपॅडवर परत आणता येत नव्हतं. बाहेरच्या ड्राइव्हवरून थेट एडिटिंगची सोय 2024 मध्ये आली. तयार व्हिडिओ बाहेर काढत असताना दुसरं ॲप उघडता यावं, ही संगणकावर कुणी मागायचीही गरज न पडलेली गोष्ट, तिच्यासाठी मूळ प्रणालीतली सोय 2025 च्या आयपॅडओएस 26 या आयपॅडच्या प्रणालीत मिळाली. क्लाउडनं वेगळाच घोळ केला: जागा वाचवायला फाइल सर्व्हरवर जाते, यादीत नाव दिसत राहतं, आणि विमानात बसून उघडायला गेलं की ती डाउनलोड झालेली नसते. सतत फिरणाऱ्याला निघायच्या आधी फाइली डाउनलोड झाल्या आहेत का हे तपासावं लागतं.

आणि फाइल पोचली तरी ती उघडेलच असं नाही. प्रत्येक ॲपचा प्रोजेक्ट त्याच्या स्वतःच्या स्वरूपात असतो. दुसरीकडे न्यायचा तर बहुतेकदा सगळे थर, सगळे ट्रॅक एकत्र होऊन निघतात आणि मग आतलं काही बदलता येत नाही. संगीताच्या क्षेत्रात 2023 मध्ये डॉप्रोजेक्ट नावाचं खुलं स्वरूप आलं, ज्यात ट्रॅक, नोट्स आणि आवाजाची पातळी वेगवेगळी राहून एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जातात. ते संगणकावरच्या सॉफ्टवेअरसाठी सुरू झालं. त्याची सर्वांत जास्त गरज फोनवर अर्धं गाणं घेऊन फिरणाऱ्यांना आहे, आणि ॲप निवडताना त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: यातून माझं काम सुट्या भागांसकट बाहेर काढता येतं का?