घरातले दोन कॉम्प्युटर वायरने जोडल्यावर फाईल शेअर कशी करायची
(आमच्याकडून लॅनची वायर टाकून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

वायर टाकून होते, दोन्ही कॉम्प्युटरवर इंटरनेट चालतं, आणि रात्री आम्हाला फोन येतो: "हॉलमधल्या कॉम्प्युटरच्या फाईली बेडरूममधल्यावर दिसत नाहीत हो." बहुतेक वेळा वायर ठणठणीत असते. विंडोजने आतून कड्या लावून ठेवलेल्या असतात, आणि त्या उघडायचं काम तुम्हाला घरबसल्या जमण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट. या कामाला इंटरनेट लागत नाही. पावसात बिल्डिंगची फायबर तुटली तरी राउटर चालू असेपर्यंत फाईल या खोलीतून त्या खोलीत जाते, कारण ती घराबाहेर पडतच नाही. डेटाही खर्च होत नाही.

वायर

दोन्ही वायरी राउटरच्या 'लॅन' लिहिलेल्या पोर्टमध्ये हव्यात. पोर्ट कमी पडले तर छोटा नेटवर्क स्विच (जास्तीचे पोर्ट देणारा डबा) घ्या. घरात पडून असलेला जुना राउटर स्विच म्हणून लावायचा मोह होतो, पण वायर त्याच्या 'वॅन' (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टमध्ये गेली की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. एका कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.१ ने. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून शंकाही येत नाही, पण ते एकमेकांना दिसत नाहीत.

वेग बघायचा असेल तर सेटिंग्जमध्ये 'इथरनेट' उघडून 'लिंक स्पीड' वाचा. १००० (एमबीपीएस) असेल तर उत्तम. १०० दिसत असेल तर राउटरचा पोर्टच तेवढ्या ताकदीचा असू शकतो, नाहीतर वायर तपासावी लागेल. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात. १०० च्या वेगाला त्यातल्या चारच लागतात, १००० ला आठही. कनेक्टरमध्ये एखादी निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नसेल, किंवा दाराच्या चौकटीत वायर रोज चेपली जात असेल, तर जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. लग्नाच्या शूटिंगचा ४० जीबी डेटा १०० वर पाठवायला तासभर जातो. १००० वर, हार्ड डिस्कने साथ दिली तर, सहा-सात मिनिटं.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून स्वतः वायर आणणार असाल तर 'प्युअर कॉपर' मागा. 'सीसीए' लिहिलेली वायर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती स्वस्त पडते, पण दोन-चारदा वाकवली की तार आतल्या आत तुटते. आणि लाईटच्या वायरीसोबत एकाच केसिंग पट्टीतून ती नेऊ नका.

कड्या

दोन्ही कॉम्प्युटरवर इथरनेटच्या पानावर नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा. विंडोज नव्या जोडणीला बहुधा 'पब्लिक' धरतं, म्हणजे तुमचं घर त्याच्या लेखी रेल्वे स्टेशनच असतं. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

आता खरी मेख पासवर्डची. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, त्याच्यावर इंग्रजी अक्षरांतल्या सोप्या नावाचं एक वेगळं लोकल अकाउंट (फक्त त्याच कॉम्प्युटरवरचं) उघडा आणि त्याला पासवर्ड द्या. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, मग 'शेअर' बटण. तिथे हेच अकाउंट निवडून नुसतं वाचायची की बदलायचीही परवानगी द्यायची ते ठरवा. दुसरा कॉम्प्युटर नाव-पासवर्ड विचारेल तेव्हा याच अकाउंटचा द्यायचा. लोक तिथे रोजचा चार आकडी पिन टाकत बसतात. पिन त्या कॉम्प्युटरसमोर बसल्यावरच चालतो, नेटवर्कवरून नाही. बिनपासवर्डचं अकाउंटही चालत नाही.

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा, काम झालं' असा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास मिळतो. आम्ही तसं करून देत नाही. घरगुती राउटरवर वायर आणि वायफाय हे साधारणपणे एकच नेटवर्क असतं. शेजारच्या मुलाला परीक्षेच्या वेळी दिलेला वायफायचा पासवर्ड त्याच्या मोबाईलमध्ये अजून आहे, आणि तुमच्या फोल्डरमध्ये पॅन आणि आधारचे स्कॅन आहेत. शिवाय विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डची जोडणी मुळातच नाकारली जाते. जुन्या मशिनसाठी 'एसएमबी १' (विंडोजची फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करून द्या, असंही कोणी कोणी सांगतं. २०१७ साली फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच्यातल्याच भोकातून जगभर पसरला. तेही आम्ही करत नाही, मग ग्राहक रागावला तरी चालेल. आणि 'होमग्रुप' (घरातल्या शेअरिंगची विंडोजची जुनी सोय) शोधू नका, विंडोज १० मधून तो २०१८ मध्येच गेला.

तरीही दिसत नसेल तर

'नेटवर्क'मध्ये आयकॉन यायची वाट बघत बसू नका. फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि लगेच पुढे दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करून एंटर दाबा. ते नाव त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, सिस्टीम, 'अबाउट' इथे मिळतं. फोल्डर उघडला की राइट क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करा, पुढच्या वेळी टाइप करावं लागणार नाही. समोरचा कॉम्प्युटर स्लीपमध्ये असेल तर तो उत्तर देणार नाही. हे किरकोळ वाटतं, पण दुपारच्या फोनांचं कारण बरेचदा हेच असतं.

एक मात्र लक्षात ठेवाच. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेल्या फोल्डरमधली फाईल डिलीट केली तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. घरात मुलं असतील तर त्यांना फक्त वाचायची परवानगी द्या, आणि महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या.

एवढं करूनही अडलं तर आम्हाला फोन करा. विंडोजची आवृत्ती, लिंक स्पीडचा आकडा आणि स्क्रीनवरच्या मेसेजचा फोटो हाताशी ठेवा. कनेक्टर खराब निघाला तर आम्ही तो बदलून देतो, त्याचे पैसे लागत नाहीत. माणूस यायच्या आधी तेवढं कपाट थोडं पुढे ओढून ठेवा, वायरीचं टोक बहुतेक त्याच्याच मागे असतं.