स्टँडिंग की सीटिंग? उभं राहायची स्वस्त जागा महाग कशी झाली

२२ सप्टेंबर २०२४ला कोल्डप्लेच्या नवी मुंबईच्या शोची तिकीटविक्री उघडली तेव्हा निम्मा देश ऑनलाइन रांगेत ताटकळत होता. चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र वेगळीच चर्चा चालू होती, की मिळालंच तर स्टँडिंग घ्यायचं की सीट? डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये बसायच्या जागा २,५०० ते १२,५०० रुपये, लाउंज ३५,०००, आणि मैदानात उभं राहायचं तिकीट ६,४५०. म्हणजे साडेसहा हजार मोजायचे आणि त्यात खुर्ची नाही, चारपाच तास पाय तुमचे तुम्ही सांभाळा. पंचविशीतल्या पोराला यात काही वावगं वाटत नाही, पन्नाशीतल्याला मात्र लगेच गुडघा आठवतो.

आपल्याला वाटतं हा वयाचा प्रश्न आहे. पण जरा मागे जाऊन बघितलं तर उभं राहणं आणि बसणं याचा संबंध कित्येक शतकं वयाशी नव्हताच, तो खिशाशी होता.

१५९९ मध्ये लंडनला आलेल्या थॉमस प्लॅटर नावाच्या स्विस प्रवाशाने तिथल्या नाटकघरांचे दर लिहून ठेवलेत. उभं राहून बघायचं तर एक पेनी, बसायचं तर आणखी एक, आणि उशी लावलेल्या चांगल्या जागेवर बसायचं तर अजून एक. इतका सरळ हिशोब! स्टेजच्या अगदी पुढ्यात, उघड्यावर, पावसात भिजत उभा राहणारा हा सगळ्यात गरीब प्रेक्षक, आणि मागे वर गॅलरीत छपराखाली बसलेला श्रीमंत. जवळून दिसायचं ते गरिबाला, हे लक्षात ठेवा, कारण पुढे नेमकं हेच उलटं होणार आहे.

पॅरिसमध्येही तसंच. थिएटरच्या तळमजल्यावर पुरुषांची गर्दी उभी असायची, ओरडायची, नट आवडला नाही तर तिथल्या तिथे सांगायची. १७८२ मध्ये कोमेदी-फ्रान्सेझ हे तिथलं नावाजलेलं थिएटर नव्या इमारतीत गेलं तेव्हा या तळमजल्यावर बाकं आली आणि तिकीटही वाढलं. त्यावर तिथल्या लेखकांमध्ये चांगलाच वाद झाला. काहींचं म्हणणं, आता माणसं शांतपणे ऐकतील. दुसऱ्यांचं म्हणणं, उभ्या गर्दीत एकाचा उत्साह दुसऱ्याला लागतो, बसलेला माणूस एकटा पडतो आणि थंड होतो. अडीचशे वर्षांपूर्वीचा वाद आहे हा, पण आज स्टँडिंगवाले आणि सीटिंगवाले भांडतात तेव्हा याच्यापलीकडचं नवीन काही बोलत नाहीत.

आता संगीताकडे. १८३०च्या दशकात पॅरिसमध्ये फिलिप म्युझार आणि पुढे लंडनमध्ये लुई ज्युलिअन यांनी स्वस्तातले कॉन्सर्ट सुरू केले, ज्यात लोक फिरत फिरत, गप्पा मारत, खातपीत ऐकायचे. १० ऑगस्ट १८९५ला रॉबर्ट न्यूमनने लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये तीच पद्धत घेतली, वाद्यवृंद दिला २६ वर्षांच्या हेन्री वुडकडे, आणि पैसे घातले जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या घशाच्या डॉक्टरने. हेच ते प्रॉम्स, लंडनचा आजही दर उन्हाळ्यात भरणारा संगीत महोत्सव. उभं राहायचं तिकीट एक शिलिंग, अख्ख्या सीझनचं एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. सिगारेट ओढायला परवानगी होती, फक्त गाणं चालू असताना काड्या ओढू नका एवढी विनंती. न्यूमनचा हेतू स्पष्ट होता, ज्याला खुर्ची परवडत नाही त्याला चांगलं संगीत ऐकायला मिळावं.

१० मे १९४१च्या बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला आणि प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेले (हो, १९७४ मध्ये लतादीदी गायल्या तोच हॉल), आणि आजही तिथे वाद्यवृंदाच्या पुढ्यातल्या खुर्च्या काढून हजारभर लोकांना उभं राहायची सोय करतात. अलीकडे तिकीट ८ पाउंड होतं, लंडनमध्ये त्यात धड जेवणही येत नाही. मला प्रॉम्सचं सगळ्यात जास्त कौतुक यासाठी वाटतं की तिथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जवळची जागा अजून एकच आहे. वर्षानुवर्षं सीझन तिकीट काढणारे पिकल्या केसांचे लोक त्या घोळक्यात ठाण मांडून असतात, आणि ज्याला झेपत नाही तो वरच्या गॅलरीत जाऊन जमिनीवर बसतो, आडवा होतो, कोणी काही म्हणत नाही. व्हिएन्नाच्या ऑपेरातही अशीच उभी राहायची जागा आहे, तिथे कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरायची पद्धत. एसटीच्या सीटवर रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवायला नको.

आपल्याकडची गोष्ट मात्र पहिल्यापासून वेगळी. आपल्या गाण्यात उभं कोणी नव्हतंच! दरबारात, वाड्यात, पेठेतल्या दिवाणखान्यात बैठक मांडायची म्हणजे गायक बसलेला, साथीदार बसलेले, ऐकणारेही बसलेले, फार तर यजमानाला लोड-तक्क्या. विष्णू दिगंबर पलुसकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली असं सांगतात, म्हणजे कोणीही पैसे देऊन ऐकायला येऊ शकेल अशी, पण तिकीट आलं म्हणून लोक उभे राहिले नाहीत. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मृतीसाठी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला तोही याच वळणाचा, मांडव, खाली सतरंज्या, रात्रभर गाणं आणि पहाटे भैरवी. रात्रभर मांडी घालून बसायचं, अवघडलं की पाय बदलायचा, थोडं कलंडायचं, चहा मारून परत यायचं. मांडवाच्या खांबाला टेकून बसायची जागा मिळाली तर तो माणूस पहाटेपर्यंत हलायचा नाही.

म्हणजे तिकडे गरीब उभा आणि श्रीमंत बसलेला, तर इकडे गरीब जमिनीवर आणि पैसेवाला खुर्चीवर. सवाईत अजूनही भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त, खुर्चीचं महाग. पण आता खुर्ची घेणारा मोठेपणासाठी घेत नाही, गुडघ्यासाठी घेतो. ज्या पिढीने सवाईला रमणबाग शाळेच्या मैदानात मांडी घालून रात्री काढल्या तीच आता साठी-सत्तरीत आली, आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्रभराचं गाणंच बंद झालं, कार्यक्रम दुपार-संध्याकाळकडे सरकला. खरं सांगायचं तर याने जुन्या रसिकांचं रडं झालं तसंच त्यांच्या पाठीचं भलंही झालं, पण हे कोणी उघड बोलणार नाही.

यात एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. वारकरी कीर्तन. श्रोते बसलेले असतात पण मागे टाळकऱ्यांची रांग दोनदोन तास उभी असते, त्यात साठी ओलांडलेले कितीतरी. यांना कसं जमतं? मला वाटतं सवय आणि श्रद्धा तर आहेच, पण ते नुसते उभे नसतात, टाळ वाजवत पाय हलवत असतात. एका जागी ताठ उभं राहिलं की रक्त पायात साठतं, चाललं किंवा पाय हलवले की पोटरीचे स्नायू ते वर ढकलत राहतात. म्हणून दोन तास चालणाऱ्यापेक्षा दोन तास एका जागी खिळलेला जास्त थकतो, गरगरतो. म्युझारच्या कॉन्सर्टमधले लोक फिरत होते, आजच्या स्टेडियममधल्या माणसाला मात्र चारी बाजूंनी माणसं, पाऊल टाकायलाही जागा नाही. त्रासाची मुळं वयात आहेत तितकीच या खिळून राहण्यातही.

आता उलटापालट कशी झाली ते. रॉक संगीत आलं तेव्हा सुरुवातीचे मोठे शो बसायचेच होते. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सला ऐकायला ५५ हजार लोक आले ते स्टँडमधल्या सीटवर, खालचं मैदान रिकामं. पोरी किंचाळत सीटवर चढल्या हा भाग निराळा. त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत बिल ग्रॅहम नावाचा आयोजक फिलमोरसारख्या जुन्या डान्स हॉलमध्ये शो लावायला लागला, तिथे लोक नाचायला यायचे, खुर्चीची अडचणच व्हायची. हळूहळू आयोजकांना कळलं की खुर्च्या काढल्या की तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त लोक मावतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत हे 'फेस्टिव्हल सीटिंग' म्हणून सर्रास विकलं जायला लागलं, नाव सीटिंग, जागा ठरलेली नाही, जो आधी घुसेल तो पुढे.

३ डिसेंबर १९७९ला सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट कोलिझियमबाहेर द हू या बँडच्या शोसाठी असेच हजारो लोक थंडीत थांबले होते. मोजकीच दारं उघडलेली, आतून साउंडचेकचा आवाज आला, लोकांना वाटलं शो सुरू झाला, मागून रेटा आला आणि ११ जण दारातच चेंगरून गेले. शहराने त्याच महिन्यात या पद्धतीवर बंदी घातली, ती पूर्ण उठायला २००४ उजाडलं. २००० मध्ये डेन्मार्कच्या रॉस्किल्डे फेस्टिव्हलमध्ये पर्ल जॅमच्या शोला स्टेजपुढच्या गर्दीत ९ जण गेले. इंग्लंडात १९८९ला हिल्सबरो स्टेडियममध्ये सामन्याच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या विभागातल्या फुटबॉल स्टेडियममध्ये सगळ्यांना खुर्ची सक्तीची झाली, कॉन्सर्टला मात्र ती लागू झाली नाही. त्याऐवजी गर्दीचे कप्पे करणारे बॅरिकेड आले, आणि एकदा कप्पे झाले की पुढच्या कप्प्याचा भाव वेगळा लावता येतो, हे कोणाच्या तरी लक्षात यायचंच होतं.

झालं, तिथून पुढे पेनीवाल्या माणसाची जागा व्हीआयपी झाली. सगळ्यांनी असं केलं नाही, यू-टू या आयरिश बँडने २००९ ते २०११च्या दौऱ्यात मैदानातली उभी जागा मुद्दाम स्वस्त ठेवली होती. पण बाकी बाजार 'गोल्डन सर्कल', 'फॅन पिट', 'अर्ली एंट्री' अशा पाट्या लावत गेला. आणि नेमकं याच काळात रॉकचा श्रोता म्हातारा होत होता! ऑक्टोबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात इंडिओला डेझर्ट ट्रिप नावाचा रॉक महोत्सव झाला, रोलिंग स्टोन्स, बॉब डिलन, पॉल मॅकार्टनी, नील यंग, द हू आणि रॉजर वॉटर्स, जवळपास सगळे सत्तरीचे नाहीतर सत्तरीपार. जिथे दरवर्षी कोचेला फेस्टिव्हलला पोरंसोरं दिवसदिवस उभी असतात त्याच मैदानात यावेळी नंबर घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा मांडल्या, तरी स्टेजला लागून उभं राहायची जागा होतीच आणि तिचा भाव तीन दिवसांचे १,५९९ डॉलर. २०२४च्या स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्याचा प्रायोजक तर एएआरपी होती, पन्नाशीपुढच्या लोकांची संघटना. त्यांचा गायक मिक जॅगर तेव्हा ऐंशीचा, स्टेजवर पळत होता, आणि त्याच्याहून वीस वर्षांनी लहान प्रेक्षक खुर्ची शोधत होता.

मुंबई-पुण्यात हे सगळं जरा उशिरा पोचलं. १९८६ मध्ये मुंबईत रंगभवनला इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला, त्यावेळी डोकी हलवणारी कॉलेजची पोरं आज साठीला टेकलीत. एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्नला स्टोन्स आले, २०१० मध्ये पुण्यात एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, दिवसभर या स्टेजवरून त्या स्टेजवर फिरायचं आणि थकलं की सरळ गवतावर बसायचं (माझ्या मते वाढत्या वयाला हा प्रकार सगळ्यात सोसतो, पण धुळीची तयारी ठेवा). २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज हा महोत्सव सुरू झाला, तिथल्या उभ्या गर्दीत काळ्या केसांइतकेच पांढरे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे अमेरिकन ब्लूज गिटारवादक बडी गाय ८६व्या वर्षी उभा राहून गिटार वाजवून गेला, आता समोरच्या पंचावन्नच्या माणसाने पाठ दुखते म्हणून तक्रार कुठल्या तोंडाने करायची! उलट इंग्लिश गायक फिल कॉलिन्सने पाठीच्या दुखण्यामुळे २०१७ पासूनचे शेवटचे दौरे खुर्चीत बसून केले आणि तिकिटं तरी खपलीच. आपल्या शास्त्रीय गायकांना यात नवल वाटणार नाही, ते जन्मभर बसूनच गायलेत.

बरं, सीट घेतली म्हणजे सुटलो असंही नाही. पुढचा उभा राहिला की मागच्याला उभं राहावंच लागतं, आणि पाचव्या रांगेपासून सुरू झालेलं हे लोण पाच मिनिटांत पंचविसाव्या रांगेत पोचतं. ऑगस्ट २०२३ मध्ये लास वेगासला गायिका अ‍ॅडेलने शो मधेच थांबवला, कारण सीटच्या रांगेत उभ्या राहिलेल्या एका चाहत्याला गार्ड आणि मागचे लोक बसवू बघत होते. तिने चाहत्याची बाजू घेतली, टाळ्याही पडल्या, पण मागे बसलेल्यांनीही तिकिटाचे पैसे दिलेच होते की. उभं राहणाऱ्याला नाचायचा हक्क आणि बसलेल्याला बघायचा, यात कोणाचं खरं हे कुठल्याच तिकिटाच्या मागे छापलेलं नसतं. आपल्याकडे स्टेडियममध्ये तर यावर भांडणं होतात, "ओ काका, घरी टीव्हीवर बघा" इथपर्यंत.

स्टेडियममध्ये त्यातल्या त्यात बरी म्हणजे खालच्या लेव्हलची स्टेजच्या बाजूची सीट, रांगेच्या टोकाची. पुढे कोणी उभा राहिला तरी पायऱ्यांच्या बाजूने तिरकं दिसतं, पाय लांब करता येतात, वॉशरूमला जाताना वीस लोकांना उठवावं लागत नाही, आणि तीन गाण्यांपुरतं उभं राहून नाचलं तर मागच्याचं फारसं बिघडत नाही. तिची किंमत मात्र बऱ्याचदा स्टँडिंगपेक्षा जास्त पडते.