बाकला आणि वाल: बी धरण्याची रीत एक नाही

बाकल्याला (इंग्रजीत फाबा बीन) पुष्कळजण मोठ्या दाण्याचा वालच समजतात आणि त्याचं बीही वालासारखंच धरतात. जुना वाण हातचा जातो तो इथेच. म्हणून आधी ओळख पक्की करावी. वालाच्या दाण्याच्या कडेला उठावदार पांढरी रेघ असते. बाकल्याचा डोळा (दाणा शेंगेला जोडलेला असतो ती खूण) दाण्याच्या एका टोकाला, अनेक वाणांत काळा. उभ्या पिकात तर गोंधळाला जागाच नाही. वालाचं पान तीन दलांचं आणि बहुतेक जुने वाण वेल होऊन चढणारे. बाकल्याचं खोड चौकोनी, पोकळ, सरळ उभं. फूल बहुधा पांढरं, बाजूच्या पाकळ्यांवर काळा ठिपका. वालाला ऊब लागते. बाकला थंडीचं पीक, उष्मा वाढला की फुलं गाळतो.

बी धरणाऱ्याने लक्ष द्यायचं ते फुलाकडे. वालाचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतं. माश्या येतात, थोडी भेसळ होते, पण दोन वाणांत अंतर ठेवलं तर मोजक्या वेलांचं बीसुद्धा वाण टिकवतं. बाकल्यात मात्र सरासरी एक तृतीयांश बी परक्या झाडाच्या परागातून तयार होतं. माश्या किती फिरतात त्यावर हे प्रमाण खूप कमी-जास्त होतं. तो वाल, वाटाणा किंवा दुसऱ्या कुठल्याही पिकाशी संकरत नाही, पण दुसरा बाकला जवळ असला की भेसळ ठरलेली. जवळपास एक किलोमीटर मोकळं हवं. तेवढी जागा नसेल तर एकच वाण लावावा.

आणि ही भेसळ त्या वर्षी दिसत नाही! दाण्याचं साल आईच्या झाडाचं असतं, त्यामुळे संकरित दाणाही अगदी अस्सल वाटतो. वेगळेपणा पुढच्या पिढीत उघडा पडतो. म्हणून जुन्या बियांची एक पिशवी नेहमी मागे ठेवावी. कोरड्या, थंड जागी ती काही वर्षं उगवणक्षम राहते. फुलाचा रंग वेगळा दिसला तर ते झाड लगेच उपटावं.

सर्वांत देखण्या एकाच झाडाचं बी घेण्याचा मोहही बाकल्यात महाग पडतो. पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागणच होत राहिलं तर जोम घटतो, शेंगा कमी धरतात. निदान वीसेक निरोगी झाडांचं बी एकत्र करावं. जास्त झाडं असतील तर फारच उत्तम.

बाकल्याच्या बियाण्याच्या शेंगा काळ्या, चामड्यासारख्या होईपर्यंत झाडावर ठेवाव्यात. वालाच्या वाळून फिक्या पिवळट-तपकिरी झाल्या की काढाव्यात. खाण्याच्या बाबतीतही दोघांत गल्लत नको. तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांत बाकल्यामुळे या पेशी फुटू शकतात. वालात तो धोका नाही, पण त्याचे वाळलेले दाणे भिजवून, उकळून, पाणी टाकून द्यावं लागतं.

कीडही वेगळी वागते. बाकल्याचा भुंगेरा शेतातच हिरव्या शेंगेवर अंडी घालतो. साठवलेल्या कोरड्या दाण्यांत त्याची नवी पिढी होत नाही. वालाला लागणारे कडधान्याचे भुंगेरे डब्यातही वाढत राहतात. दोन्हींसाठी उपाय एकच: बी कडक वाळवावं, हवाबंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावं, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये.