आमदारकी, पक्षांतर आणि ‘मूळ पक्ष’: वादाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या आमदाराची कारकीर्द एकेकाळी तालुक्यात ठरायची. आता तिचा बराचसा भाग राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतल्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातल्या, दोन व्याख्यांवर आणि विधानसभा अध्यक्षांच्या दालनात ठरतो. २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत राज्यातले दोन पक्ष फुटले, आधी शिवसेना आणि मग राष्ट्रवादी काँग्रेस. दोन्हीकडच्या आमदारांनी एकमेकांना अपात्र ठरवण्यासाठी याचिकांचा ढीग लावला आणि अखेरीस कोणाचीही आमदारकी गेली नाही. हे कसे घडले, याची मुळे बरीच मागे जातात.

जुन्या वाटेबद्दल थोडक्यात. १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि ग्रामीण भागात आमदार घडवणारी शाळाच उभी राहिली. सोबतीला साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा मध्यवर्ती बँक. सभापती, संचालक, मग आमदार, असा तो क्रम. पक्षाने तिकीट कापले तरी कारखाना हातात असे, त्यामुळे बंडखोरी परवडत असे. १९९५ च्या निवडणुकीत तब्बल ४५ अपक्ष निवडून आले, ते बव्हंशी याच जोरावर. कायद्याच्या दृष्टीने अपक्षाची सोय आजही बरी आहे. तो कोणत्याही सरकारला पाठिंबा देऊ शकतो, फक्त निवडून आल्यावर एखाद्या पक्षात रीतसर दाखल झाला की अपात्र ठरतो. ‘सहयोगी सदस्य’, म्हणजे पक्षात न जाता त्याच्या सोबत राहणारा आमदार, ही आपल्याकडची पळवाट इथूनच निघाली.

याच मातीत दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे एक आमदार १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातून ११ वेळा निवडून आले. त्यांचा पक्ष राज्यभर आटत गेला, तरी त्यांनी तो सोडला नाही. अशा कारकिर्दीसाठी पक्षांतरबंदी कायद्याची गरजच नव्हती. कायदा आला तो बाकीच्यांसाठी.

१९६७ मध्ये हरियाणातल्या एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. ‘आयाराम गयाराम’ हे त्याचेच फलित, ते सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्राला या प्रकाराची खरी ओळख झाली जुलै १९७८ मध्ये. वयाच्या ३८ व्या वर्षी एक मंत्री सुमारे ४० आमदारांसह बाहेर पडले, सरकार पडले आणि तेच मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा वाक्प्रचार राज्याच्या राजकारणात तेव्हापासून मुक्कामाला आहे. पण त्या आमदारांची आमदारकी घालवण्याची तरतूद तेव्हा कुठल्याच कायद्यात नव्हती.

ती आली १९८५ मध्ये, ५२ व्या घटनादुरुस्तीने. स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले किंवा पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मतदान केले, की आमदार अपात्र. पक्षाने १५ दिवसांच्या आत माफ केले तर मतदानाची चूक पदरात घेतली जाते. मात्र कायद्याने एक दार उघडेच ठेवले होते. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य बाजूला झाले, तर ती ‘फूट’ धरली जाई आणि सगळे सुरक्षित राहत. एकट्याने पक्ष सोडला तर गुन्हा, टोळीने सोडला तर हक्क, असा त्याचा अर्थ झाला. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हेच दार महाराष्ट्रात वापरले गेले. ज्या पक्षाचे ५२ आमदार होते त्यात एक तृतीयांश म्हणजे १८ हा आकडा लागत होता. मुंबईच्या एका आक्रमक नेत्याने तो जुळवल्याचा दावा केला. त्यातले काही जण लगेच मूळ पक्षात परतले, तरी अध्यक्षांनी फूट मान्य केली. अध्यक्ष कोणत्या बाजूचे आहेत यावर आमदारकी अवलंबून असते, हा धडा राज्याने तिथेच घेतला होता, असे म्हणायला हरकत नाही.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाचे दार बंद केले. मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादाही तेव्हाच आली. २८८ सदस्यांच्या आपल्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३. फुटणाऱ्या प्रत्येकाला लाल दिवा देणे त्यामुळे अवघड झाले. आता उरली फक्त विलीनीकरणाची वाट: मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हावा आणि दोन तृतीयांश आमदारांनी त्याला संमती द्यावी. गोव्यात जुलै २०१९ मध्ये एका पक्षाच्या १५ पैकी १० आमदारांनी थेट सत्ताधारी पक्षात प्रवेश केला. मूळ पक्ष जागच्या जागी होता, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाने ते विलीनीकरण वैध ठरवले.

तिसरी वाट राजीनाम्याची. कर्नाटकात २०१९ मध्ये या वाटेने गेलेल्यांसह १७ आमदार अपात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत उभे राहण्यावरची बंदी उठवली. डिसेंबरात १५ जागांवर पोटनिवडणूक झाली आणि त्यातल्या १२ सत्ताधारी पक्षाने जिंकल्या. सभागृहाची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर पोटनिवडणूक घेणे बंधनकारक नसते. म्हणून शेवटच्या वर्षात राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्याला काहीच गमवावे लागत नाही. २०१९ च्या निवडणुकीआधी आपल्याकडच्या काही आमदारांनी हाच रस्ता धरला.

२० जून २०२२ च्या रात्री मुंबईहून सुरतेकडे निघालेल्या शिवसेनेच्या आमदारांनी मात्र यातली एकही वाट घेतली नाही. राजीनामे दिले नाहीत, विलीनीकरण केले नाही. ‘आम्हीच पक्ष’ असा दावा केला. सगळा गुंता इथे आहे.

दहाव्या अनुसूचीत ‘मूळ राजकीय पक्ष’ आणि ‘विधिमंडळ पक्ष’ अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. मूळ पक्ष म्हणजे ज्याने तिकीट दिले तो, सभागृहाबाहेरची संघटना. विधिमंडळ पक्ष म्हणजे त्या पक्षाचे सभागृहातले सदस्य. २१ जूनला संघटनेने आपला गटनेता हटवून नवा नेमला. त्याच दिवशी बाहेर गेलेल्या आमदारांनी ठराव करून जुनाच गटनेता कायम ठेवला आणि प्रतोद, म्हणजे पक्षादेश काढणारा पदाधिकारी, बदलला. दोघांचेही प्रतोद, दोघांचेही पक्षादेश. ३ जुलैला नवे अध्यक्ष १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले आणि त्यांनी बाहेर गेलेल्या गटाच्या प्रतोदाला मान्यता दिली.

११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही मान्यता बेकायदा ठरवली. प्रतोद आणि गटनेता राजकीय पक्ष नेमतो, आमदारांचा गट नव्हे, असे निकाल स्वच्छ सांगतो. बहुमत चाचणी घ्यायला राज्यपालांकडे पुरेसे कारण नव्हते, हेही न्यायालयाने म्हटले. पण तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. कोणता गट खरा पक्ष हे ठरवताना केवळ आमदारांचे डोके मोजू नका, अशी ताकीद मात्र सोबत होती.

अध्यक्षांनी वेळ लावला, सर्वोच्च न्यायालयाने मुदत घातली, ती वाढवलीही. अखेर १० जानेवारी २०२४ ला निकाल आला. त्यातला कळीचा मुद्दा पक्षाच्या घटनेचा होता. २०१८ मध्ये केलेले बदल निवडणूक आयोगाच्या नोंदीत नाहीत, म्हणून १९९९ ची घटना धरायची. तिच्यानुसार पक्षप्रमुखाला एकट्याने नेत्याला काढता येत नाही. संघटनेतले बहुमत विश्वासार्हपणे ठरवता येत नाही. सबब २१ जून २०२२ रोजी ५५ पैकी ३७ आमदार ज्यांच्याकडे, तोच खरा पक्ष. ज्या एकट्या कसोटीवर विसंबू नका असे न्यायालयाने सांगितले होते, तीच फिरून शिल्लक राहिली. दुसऱ्या बाजूचे आमदारही वाचले, कारण त्यांच्यापर्यंत पक्षादेश रीतसर पोहोचल्याचे सिद्ध झाले नाही. महिनाभरानंतर, १५ फेब्रुवारीला, जुलै २०२३ मध्ये फुटलेल्या दुसऱ्या पक्षाबाबतही असाच निकाल लागला आणि तिथेही कोणी अपात्र ठरले नाही.

या निकालाच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पक्षांच्या अंतर्गत निवडणुका कागदावर होतात, घटना कपाटात पडून असते, मग अध्यक्षांनी मोजायचे तरी काय? पण या युक्तिवादाचा परिणाम असा की १९९१ ला जो आकडा एक तृतीयांश होता, तो आता दोन तृतीयांश झाला, एवढाच फरक उरला. संसदेने २००३ मध्ये वगळलेली फूट ‘खरा पक्ष’ या नावाने परत आली.

वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला, तोवर विधानसभेची मुदत संपत आली. २० नोव्हेंबर २०२४ ला राज्याने मतदान केले. ज्यांच्या अपात्रतेवर इतकी वर्षे युक्तिवाद झाले त्यातले कित्येक जण पुन्हा निवडून आले, काही मंत्रीही झाले. तेलंगणातल्या पक्षांतराच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय देण्यास सांगितले आणि अपात्रतेचे काम अध्यक्षांकडे ठेवायचे की नाही, याचा विचार संसदेने करावा असे सुचवले.